आयत्या वेळचे विषय

घरातलं भांडण चावडीवर नेऊ नये, असं गेले काही महिने मला बरेच जण सांगतात. सांगणाऱ्यांत माझ्या बाजूचे आहेत, समोरच्या बाजूचेही आहेत. पण राजकीय संघटना हे कुणाचं घर नसतं. ती लोकांच्या वर्गणीवर चालते, लोकांच्या नावानं निवेदनं देते, उद्या नगरपालिकेत जाऊन लोकांच्या पैशाचा हिशेब मागणार असते. तिच्या आत काय चालतं ते लोकांना कळायलाच हवं. म्हणून लिहिते आहे. संघटनेचं नाव आणि माणसांची नावं मात्र लिहीत नाही. आमच्या तालुक्यात ती सगळ्यांना माहीत आहेत.

आमच्या गावात पाणीपट्टीचं आंदोलन झालं, ते कसं झालं ते इथं सांगत बसत नाही. त्यातून आमचा मंच उभा राहिला. नगरपालिकेवर प्रशासक, नगरसेवक कुणी नाही, तक्रार न्यायची कुणाकडे हाच प्रश्न. अशा वेळी चाळीसेक माणसं दर रविवारी वाचनालयाच्या माडीवर जमायची. शिक्षक होते, दोन वकील होते, औषधाचे दुकानदार, आशाताई, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका, कॉलेजची मुलंमुली. निवडणूक लागली की स्थानिक आघाडी म्हणून उतरायचं, हे पहिल्यापासून ठरलेलं. संयोजक होते सर. सर म्हणजे आमच्याकडचे निवृत्त प्राध्यापक, बोलण्यात हुशार, वाचन दांडगं, आवाज कधी चढत नाही. नोटिसा काढणं आणि सभेची वही लिहिणं पहिली दोन वर्षं माझ्याकडे होतं.

माझी सगळी नोकरी पतसंस्थेत गेली. वार्षिक सभा, गणपूर्ती, सूचक, अनुमोदक, ताळेबंद यांतच मी वावरले. नियम का असतात ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. भांडण नसताना नियम केले तरच ते भांडणात उपयोगी पडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून मंचाच्या अगदी सुरुवातीलाच मी तीन पानी नियमावली लिहून नेली. सभासद कुणाला म्हणायचं, वर्गणी किती, सभेची नोटीस किती दिवस आधी, किती माणसं असली की सभा वैध, पैसे कुठल्या खात्यात, संयोजकाची मुदत किती, कुणाला काढायचं असेल तर कसं. एवढंच होतं त्यात.

सरांनी ती वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली. म्हणाले, “ताई, आपण काय पतसंस्था काढली आहे का? आपलं नातं विश्वासाचं आहे.” सगळे हसले. मग नियमावली “तत्त्वतः मान्य” झाली आणि तशीच राहिली. मतदानानं गट पडतात, आपण सर्वानुमते चालू, असं ठरलं. हेही सर्वानुमतेच ठरलं.

सर्वानुमते कसं चालायचं ते नीट सांगते, कारण खरा खेळ तिथं होता. चर्चा व्हायची, चांगली व्हायची. कंडक्टर काका तावातावानं बोलायचे, मुलं भांडायची. सर शेवटपर्यंत गप्प. मग चष्मा काढून रुमालानं पुसायचे आणि म्हणायचे, “तर एकूण सगळ्यांचं मत असं दिसतंय की…” आणि पुढे जे यायचं ते शनिवारी रात्री औषध दुकानाच्या मागच्या खोलीत तिघांनी ठरवलेलं असायचं. विरोध आहे का, असं कधी विचारलं जायचं नाही. गप्प बसलेला माणूस होकारात धरला जायचा. एखाद्यानं “पण सर…” म्हटलं, की त्याच्या खांद्यावर हात ठेवून, “तुमचा मुद्दा यात आलाच आहे.” लोकांना वाटायचं, खरंच आला असेल.

अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती चळवळीतल्या जो फ्रीमन या बाईंनी १९७० मध्ये यावरच एक भाषण दिलं, पुढे ते ‘द टिरनी ऑफ स्ट्रक्चरलेसनेस’ या नावानं निबंध म्हणून गाजलं. आमच्यातल्या एका कॉलेजच्या मुलीनं तो मला वाचायला दिला. त्यांचं म्हणणं असं, की रचना नसलेला गट नसतोच. नियम लिहिले नाहीत तर ते मोजक्यांनाच माहीत राहतात. सत्ता मित्रांच्या टोळक्याकडे जाते, आणि टोळक्याला कुणी निवडलेलं नसल्यामुळे त्याला कुणी काढूही शकत नाही. पन्नास वर्षांपूर्वी तिकडच्या बायकांनी जे भोगलं ते आमच्या वाचनालयाच्या माडीवर जसंच्या तसं घडत होतं. मी तो निबंध सरांना दिला. त्यांनी तो आधीच वाचलेला होता. याचा मला आजही राग येतो. अडाणीपणानं वागणाऱ्या माणसाला समजावता येतं.

सरांच्या प्रत्येक भाषणात बाबासाहेब असायचे. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं होतं, की धर्मात भक्तीनं मुक्ती मिळत असेल, पण राजकारणात भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. सर हे चौकात फार प्रभावीपणे सांगायचे. आणि रविवारी कुणी हिशेबाचा शब्द काढला की त्यांच्या शेजारचा माणूस उठून म्हणायचा, “सरांवर शंका घेता?” सर त्याला कधीही थांबवायचे नाहीत.

हिशेबाचं असं. मंचाच्या नावाचं बँक खातं नव्हतं, कारण खातं काढायला नियमावली आणि ठराव लागतो. आंदोलनाच्या काळात चहाच्या टपरीवर, दुकानांच्या काचांवर मदतनिधीचा क्यूआर कोड चिकटवला होता. मोबाइलवर तो स्कॅन केला की नाव यायचं सरांच्या पुतण्याचं. पुतण्यानं पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही, तेव्हाही म्हटलं नव्हतं. मी म्हणत होते, आकडा सांगा आणि खातं बदला. निवडणूक लढवायची तर राज्य निवडणूक आयोगाकडे नोंदणी लागणार. आयोगानं २०१६ मध्ये १९१ पक्षांची नोंदणी रद्द केली होती, ती प्राप्तिकराची विवरणपत्रं आणि तपासलेले हिशेब दिले नाहीत म्हणून. हे मी सभेत सांगितलं. त्यानंतर आठवडाभरातच “ताईंवर फार भार पडतो” असं ठरलं आणि सभेची वही सरांच्या घरी गेली.

पुढचा वाद उमेदवारीचा. आमच्या प्रभागातला उमेदवार मंचाच्या एकाही सभेत चर्चेला न येता ठरला. तो एका ठेकेदाराच्या घरचा होता, आणि त्याच ठेकेदाराच्या गटारकामाविरुद्ध आम्ही वर्षभरापूर्वी उपोषणाला बसलो होतो. मी दोन प्रश्न लेखी दिले: नाव कुणी ठरवलं आणि निधी किती जमला. लेखी दिले हाच माझा गुन्हा. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. कुणी ओरडलं नाही. आवाज मऊ, काळजीचा. “ताई, तुम्ही दमलाय. थोडी विश्रांती घ्या.” “ताई, घरी आईंची तब्येत बरी नसते ना?” माझ्या आईच्या आजारपणाचा उपयोग माझा प्रश्न बंद करायला केला गेला. हे मी विसरणार नाही.

मग ती सभा. नोटीस शनिवारी रात्री अकराच्या सुमारास व्हॉट्सॲपवर आली. विषय तीन: मागील सभेचं इतिवृत्त, प्रभाग याद्या, प्रचारफेरी. आणि खाली चौथा, जो आपल्याकडच्या प्रत्येक सभेच्या नोटिशीत असतो आणि कुणी वाचत नाही: मा. अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळी येणारे विषय.

रविवारी सकाळी मी गेले, हजेरीच्या पानावर सही केली. माणसं जेमतेम बारा. सरांनी घड्याळ पाहिलं, गणपूर्ती नाही, सभा तहकूब, असं म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून गणपूर्ती हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. आम्ही काही जण खाली उतरलो. आईला औषध द्यायची वेळ झाली होती, मी घरी गेले. कंडक्टर काका त्या दिवशी आलेच नव्हते. ते मिरजेला दवाखान्यात भरती होते, दोन दिवसांपूर्वी मीच त्यांना भेटून आले होते.

दुपारी फोन हातात घेतला तर मंचाच्या ग्रुपमधून माझं नाव काढलेलं. मला वाटलं, चुकून झालं असेल. औषध दुकानदारांना फोन केला, त्यांनी उचलला नाही. एका मुलीनं रडत रडत सांगितलं, अर्ध्या तासानं सभा परत भरली आणि तुम्हाला काढलं.

मी थेट सरांच्या घरी गेले. वहिनींनी नेहमीसारखं पाणी दिलं, चहा टाकला. मी वही मागितली. सरांनी ती कपाटातून काढली, पण माझ्या हातात दिली नाही. स्वतःच उघडून पानावर हात ठेवून दाखवली. मी त्यांचा हात बाजूला करून वाचलं. वर हजेरी, बारा सह्या, त्यांत माझी. मग तीन विषय निळ्या शाईत, “चर्चा झाली” एवढंच. आणि खाली, सह्यांच्या आधी जी मोकळी जागा राहिली होती तिच्यात बारीक अक्षरांत, काळ्या शाईत, चौथा. “आयत्या वेळचा विषय. संघटनाविरोधी कृत्यांबद्दल” माझं नाव “यांचं सभासदत्व तात्काळ रद्द करण्यात येत आहे. ठराव सर्वानुमते मंजूर.” अनुमोदक: कंडक्टर काका.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मिरजेत सलाईन लावून झोपलेला माणूस इथं अनुमोदन देऊन गेला होता. पण त्याहून मोठी गोष्ट मला उशिरा दिसली. हजेरीत माझी सही होती. म्हणजे कागदाप्रमाणे त्या सभेला मी हजर होते, ठराव सर्वानुमते झाला होता, आणि मला काढायला मीही संमती दिली होती. उद्या कुणीही ती वही उघडली तर हेच दिसणार.

मी सरांना विचारलं, हे काय आहे? ते म्हणाले, “ताई, कागदाला एवढं काय महत्त्व? माणसं महत्त्वाची.” त्या माणसाला कागदाचं महत्त्व आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. म्हणून तर इतकी वर्षं त्यानं कुणाला कागद करू दिला नाही, आणि वेळ आली तेव्हा स्वतः केला.

वकिलांकडे गेले. मंचातल्या दोघांकडे अर्थातच नाही, सांगलीच्या एका बाईंकडे. त्यांनी मला बेळगावचं एक प्रकरण सांगितलं. तिथल्या लॉज व्हिक्टोरिया या फ्रीमेसन मंडळींच्या संस्थेनं आपल्या एका सभासदाला काढलं, आणि भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९६३ च्या निकालसंग्रहात ते छापलेलं आहे. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: स्वेच्छेनं एकत्र आलेल्या संस्थेचे नियम हा तिचा आणि सभासदाचा करार असतो. काढायचा अधिकार त्या नियमांतून येतो, तो नियम काटेकोर पाळून आणि शुद्ध हेतूनं वापरायचा असतो. माणसाला त्याच्यावरचा आरोप सांगून बाजू मांडायची संधी द्यायची असते. कोर्टासारखी पूर्ण प्रक्रिया मात्र लागत नाही. त्या सभासदाचं अपील फेटाळलं गेलं, पण तत्त्व पक्कं झालं. मला उभारी आली. मग बाई म्हणाल्या, “तुमचे नियम दाखवा.” माझ्याकडे होती तीन पानांची झेरॉक्स, जी कधी मंजूरच झाली नाही.

मोठ्या पक्षांतही पाहा. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९८९ मध्ये कलम २९ अ आलं, पक्षांची नोंदणी आली, पक्षाच्या घटनेत संविधानावर आणि लोकशाहीवर निष्ठेचं कलम सक्तीचं झालं. पण २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की एकदा केलेली नोंदणी, फसवणुकीसारखे थोडे अपवाद सोडले, तर भारत निवडणूक आयोगाला काढून घेता येत नाही. म्हणजे आत लोकशाही ठेवायची जबाबदारी शेवटी सभासदांवरच. आम आदमी पक्षानं तर आपल्या घटनेत अंतर्गत लोकपाल ठेवला होता, आणि त्या जागी अलिबागजवळ राहणारे माजी नौदलप्रमुख ॲडमिरल रामदास होते. २८ मार्च २०१५ च्या राष्ट्रीय परिषदेत योगेंद्र यादव आणि प्रशांत भूषण यांना राष्ट्रीय कार्यकारिणीतून काढलं. त्या सभेला येऊ नये असं लोकपालांनाच कळवलं गेलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी लोकपालही बदलले. त्या वादात कोण बरोबर होतं हे मी सांगत नाही. ज्याच्याकडे दाद मागायची तो माणूस, ज्यांच्याविरुद्ध दाद मागायची त्यांच्या मर्जीवर असेल, तर ते पद शोभेचं राहतं.

आणि शिवसेनेचं प्रकरण पाहा. १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी आमदार अपात्रतेचा निकाल दिला तेव्हा पक्षाची १९९९ ची घटना धरली. २०१८ ची दुरुस्ती निवडणूक आयोगाच्या दप्तरी नाही म्हणून बाजूला ठेवली. त्या निकालावर वाद आहे, मला त्यात पडायचं नाही. पण एवढ्या मोठ्या पक्षाच्या बाबतीत कुठला कागद दप्तरात आहे यावर गोष्ट आली, तर चाळीस माणसांच्या मंचानं “कागदाला काय महत्त्व” म्हणू नये.

आता जे नव्यानं संघटना काढतायत त्यांच्यासाठी. ठिकठिकाणी असे मंच, आघाड्या, कृती समित्या उभ्या राहतायत, त्यांत चांगली पोरं आहेत, आणि त्यांचं माझ्यासारखं होऊ नये.

सगळ्यात आधी आयत्या वेळच्या विषयांना कुंपण घाला. नियमात स्पष्ट लिहा: सभासद काढणं, पैसे, उमेदवारी आणि नियमांतली दुरुस्ती हे चार विषय आयत्या वेळी घेता येणार नाहीत, अध्यक्षांची परवानगी असो वा नसो. ते नोटिशीत नावानिशी आलेच पाहिजेत, सात दिवस आधी. माझ्या मते या एका ओळीनं अर्धी लबाडी बंद होते.

तहकूब सभेचा नियम नीट बघा. गणपूर्तीअभावी सभा तहकूब करून अर्ध्या तासानं त्याच जागी भरवायची आणि मग गणपूर्ती लागत नाही, ही पद्धत आपल्याकडे सोसायट्यांपासून सगळीकडे आहे. मोठ्या संस्थांत वार्षिक सभा अडून राहू नये म्हणून ती ठीक असेल. छोट्या राजकीय गटात तिचा अर्थ एवढाच, की तिघांनी ठरवलं तर बाकीच्यांना खाली चहाला पाठवून काहीही करता येतं. तहकूब सभा दुसऱ्या दिवशी घ्या, नवी नोटीस काढा, जुनेच विषय घ्या. आणि हजेरी नव्यानं घ्या. हे फार महत्त्वाचं आहे. सकाळच्या सह्यांवर दुपारची सभा चालवू देऊ नका.

वही बांधीव हवी, पानांवर छापील आकडे हवेत. शेवटचा ठराव झाला की खालच्या मोकळ्या जागेवर तिरकी रेघ मारा आणि मग सह्या करा. पतसंस्थेत आम्ही हे न चुकता करायचो. सभा संपल्यावर त्या पानाचा फोटो दोघांनी तरी काढावा, आणि दोघं एका गटाचे नसावेत. इतिवृत्त आठवड्याच्या आत सगळ्यांना पाठवावं, हरकतीला मुदत द्यावी. वही संयोजकाच्या घरी कधीही नको. वही ज्याच्या कपाटात, संघटना त्याची, हे मी अनुभवानं सांगते. व्हॉट्सॲप ग्रुपचंही तेच. ॲडमिन किमान तिघं ठेवा, आणि ठराव हातात आल्याशिवाय कुणाचं नाव काढायचं नाही असं लिहून ठेवा.

सर्वानुमते हवंच असेल तर ठेवा, माझा त्याला विरोध नाही. पण अध्यक्षानं दर वेळी मोठ्यानं विचारायचं: विरोधात कोण? तटस्थ कोण? आणि ती नावं वहीत लिहायची. “तुमचा मुद्दा यात आलाच आहे” असं कुणी म्हणालं तर म्हणा, मग तो माझ्या शब्दांत लिहा. सभा एकमताची असली तरी आपला विरोध नोंदवून घ्यायला लाजू नका.

कुणाला काढायचं असेल तर आरोप लेखी, उत्तराला पंधरा दिवस, ज्यानं तक्रार केली त्याला मत नाही, ऐकणारी समिती बाहेरच्या माणसांची, आणि शेवटी सर्वसाधारण सभेकडे अपील. छोट्या गावात बाहेरची माणसं कुठून आणायची, असं लोक विचारतात. शेजारच्या तालुक्यातल्या अशाच एखाद्या गटाशी आधीच ठरवून ठेवा, त्यांच्या वादात तुमची माणसं, तुमच्या वादात त्यांची. हे खर्चाचं काम नाही.

मतदानाचा हक्क कुणाला, हे भांडणाआधी ठरवा. आमच्याकडे त्या सभेच्या आदल्या आठवड्यात एकाच गल्लीतली अर्धा डझन नवी माणसं सभासद झाली होती, ते मला नंतर कळलं. तीन महिने जुना सभासद असेल तरच मत, एवढं पुरे. पैसे मंचाच्या खात्यात, दोन सह्या, दर महिन्याला जमाखर्च फळ्यावर. संयोजकाला दोन वर्षांची मुदत, आणि लागोपाठ दोनदाच.

बैठकांच्या वेळा बघा. हे कुणी नियमावलीत लिहीत नाही, पण लिहावं. आमच्या बैठका लांबायच्या, बायका स्वयंपाकाला, मुलांना, म्हाताऱ्यांना बघायला उठायच्या आणि खरे निर्णय त्यानंतर व्हायचे. सभेला ठरलेली वेळ संपली की निर्णय बंद, असा नियम करा. आशाताई आमच्या मंचात सगळ्यात जास्त घरं फिरायच्या, आणि एकही मोठा निर्णय त्यांच्या समोर झाला नाही.

बाकी नेहमीचं: वाचल्याशिवाय सही करू नका, बोलणं झालं की त्याच दिवशी लेखी पाठवा, एकट्यानं भेटायला जाऊ नका, प्रत जवळ ठेवा. आणि जो माणूस नियमांची गोष्ट निघाली की विश्वासाची गोष्ट काढतो, त्याच्या हातात वही देऊ नका.

काहींनी मला विचारलं, नियम केले असते तरी सरांनी ते मोडलेच असते, मग काय फरक? फरक आहे. नियम असते तर मोडले हे दाखवता आलं असतं. आज मला काय दाखवायचं तेच नाही. माझ्या बाजूला फक्त मी आहे आणि वहीत काळी शाई. तेवढ्यावर गावात माझी ओळख “संघटनाविरोधी” अशी झाली आहे. बाजारात भेटणारी माणसं नजर चुकवतात. ज्या ठेकेदाराच्या गटारकामाविरुद्ध मी चार दिवस उपाशी बसले, त्याच ठेकेदाराच्या घरचा माणूस आता आमच्या चिन्हावर मतं मागतो.

सरांना मी स्पीड पोस्टानं पत्र पाठवलं आहे. पोच मिळाली, उत्तर नाही. त्यात दोन मागण्या होत्या, त्या इथं पुन्हा मांडते. त्या पानाची सही-शिक्क्यानिशी प्रत द्यावी, आणि निधीचा हिशेब पुतण्याच्या खात्याच्या उताऱ्यासह सर्व सभासदांपुढे ठेवावा. कंडक्टर काका आता घरी आले आहेत. आपण अनुमोदन दिलं नाही, त्या दिवशी आपण दवाखान्यात होतो, असं त्यांनी स्वहस्ते लिहून दिलं आहे आणि डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोडली आहे. सरांनी वही घेऊन वाचनालयाच्या माडीवर यावं, सात दिवस आधी नोटीस काढावी, विषय माझ्या नावानिशी लिहावा. काका येणार आहेत, मीही येणार आहे.